कथील, शिसे आणि आपली पंगत

मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी बाजारभाव, मंडीचे नियम आणि करपद्धती यांवर जाणकारांचे लेख येत असतात. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. उभे आयुष्य लांजीच्या बाजारात धान आणि तांदूळ यांच्या वखारीत गेले. त्यामुळे लेखणी हाती धरताना संकोच वाटतो. तथापि यंदा एक विषय असा समोर आला की तो आपल्या बंधुभगिनींपुढे मांडल्यावाचून आम्हांस चैन पडेना. विषय वखारीतला नाही, स्वयंपाकघरातला आहे; पण त्याच्या मुळाशी आहे ती खऱ्या-खोट्या मालाची पारख, आणि ती तर आपल्या व्यवसायाचा प्राणच होय.

गेल्या दिवाळीस आमचा एक पुतण्या परदेशाहून आला. त्याने भेट म्हणून मलेशियात घडविलेले दोन पेले आणले. चांदीपेक्षा किंचित मंद, हातास गार लागणारे आणि दिसावयास मोठे देखणे. त्या धातूस तिकडे प्यूटर म्हणतात. मुलांनी लगेच त्यातून लिंबाचे सरबत मागितले. आमच्या सूनबाईंनी पेला हाती घेऊन विचारले, “बाबा, यातून आंबट दिलेले चालेल का? यात शिसे असते असे ऐकले आहे.”

प्रश्न साधा होता, पण तो ऐकताच आम्हांस १९८८ साली घडलेली एक गोष्ट आठवली आणि क्षणभर उत्तर सुचले नाही. ती गोष्ट पुढे सांगूच. आधी प्रश्नाचे उत्तर देणे प्राप्त आहे.

प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील. कथील फार मऊ असल्याने त्याचे भांडे टिकाऊ व्हावे म्हणून त्यात दुसरा धातू मिसळतात. हल्लीच्या चांगल्या प्यूटरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक कथील, थोडे अँटिमनी आणि अल्पसे तांबे असते. शिसे घालीत नाहीत. पूर्वी मात्र स्वस्ताईसाठी त्यात शिसे घालण्याची रीत होती. म्हणून नवे, शिसेविरहित असल्याचा छाप असलेले आणि विश्वसनीय कारखान्याचे प्यूटर पाणी किंवा सरबत पिण्यास चालते. मात्र आंबट पदार्थ त्यात रात्रभर ठेवू नये आणि ते भांडे विस्तवावर ठेवू नये. ज्याचा ठावठिकाणा माहीत नाही असे जुने प्यूटर कपाटात शोभेसाठी ठेवावे. त्यास अन्नपाणी लावू नये.

आपणांपैकी कित्येक म्हणतील, आमच्या घरी प्यूटर आहे कुठे? खरे आहे. पण प्यूटरचा जो प्राण, ते कथील, पिढ्यान्पिढ्या आपल्या स्वयंपाकघरात आहे. कल्हई म्हणजे दुसरे काय? तांब्यापितळेच्या भांड्यास आतून चढविलेला कथिलाचा पातळ मुलामाच तो. प्यूटरमधील शिशाचा जो प्रश्न, तोच कल्हईतील शिशाचा. फरक इतकाच की पेल्यातून आपण पाहुण्यास सरबत देतो, आणि कल्हईच्या गंजातून सबंध पंगत जेवते.

कल्हई कशासाठी, हे नव्या पिढीस सांगावे लागते. नुसत्या तांब्याच्या वा पितळेच्या भांड्यात ताक, चिंच, आमसूल किंवा लिंबू राहिले की आंबटपणाने धातू सुटू लागतो आणि पदार्थ कळकतो. कळकलेले ताक ज्याने एकदा चाखले तो ती चव जन्मभर विसरत नाही. तांबे पोटात अधिक गेले की मळमळ, उलटी आणि पोटदुखी ठरलेली. कथिलाचा थर या दोहोंमध्ये आड पडदा होतो. शुद्ध कथील आंबटास बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि अल्प प्रमाणात पोटात गेले तरी शरीर त्यातील फारच थोडे शोषून घेते. दक्षिणेत तामिळ घरांतून शुद्ध कथिलाच्याच भांड्यात रसम करण्याची चाल आहे. भांडे रिकामे असताना विस्तवावर ठेवले तर ते वितळून जाते, म्हणून तेथील गृहिणी आधी आत पदार्थ घालतात आणि मगच ते चुलीवर चढवितात.

कायद्यानेही कल्हईस महत्त्व दिले होते. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली १९५५ साली जे नियम झाले, त्यांत नीट कल्हई न केलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात शिजविलेले किंवा साठविलेले अन्न मनुष्याच्या खाण्यास अयोग्य समजावे असे म्हटले होते. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली २०११ साली जे नियम आले त्यांतही ही अट कायम राहिली. पण कल्हई नीट असणे म्हणजे केवळ भांडे चकाकणे नव्हे. चकाकणारा धातू कोणता, हाच खरा प्रश्न आहे.

आता शिशाविषयी. कथील आणि शिसे हे दिसावयास भाऊ, पण गुणाने वैरी. आपल्या पूर्वजांस हे ठाऊक होते. रसशास्त्रात कथिलास वंग आणि शिशास नाग म्हणतात. ‘रसरत्नसमुच्चय’ या जुन्या ग्रंथात वंगाचे खुरक आणि मिश्रक असे दोन भेद सांगितले आहेत. खुरक ते पांढरे, मऊ आणि लवकर वितळणारे. मिश्रक ते काळसर आणि हिणकस. नावच पाहावे, मिश्रक! भेसळीची ही नोंद कित्येक शतकांपूर्वीची आहे.

शिशाचा दोष असा की ते शरीरात साठून राहते. हाडांत जाऊन बसते, वर्षानुवर्षे तेथे राहते, आणि स्त्री गरोदर असता हाडांतून पुन्हा रक्तात उतरून पोटातील बाळापर्यंत पोचते. मोठ्या माणसांचा रक्तदाब आणि मूत्रपिंडे यांवर ते आघात करते, रक्त कमी करते. लहान मुलांच्या बुद्धीची वाढ ते खुंटविते, आणि ही हानी बहुधा भरून येत नाही. मोठ्या माणसाच्या मानाने लहान मूल तेवढ्याच शिशातून चारपाच पट अधिक शोषून घेते. शिशाचे अमुक इतके प्रमाण निर्धोक, अशी कोणतीही मर्यादा ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटले आहे. आपल्या घरांतून पाणी गाळून आणि उकळून पिण्याचा नेम आहे. तो उत्तमच, पण शिसे गाळण्यात अडकत नाही, आणि उकळल्याने तर पाणी आटून त्याचे प्रमाण वाढतेच.

आंबट आणि शिसे यांची गाठ पडली म्हणजे काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडातील आहे. डेव्हन परगण्यात सफरचंदाच्या रसाचे आंबूस मद्य पिणाऱ्यांस पोटात असह्य कळा येत आणि हातपाय लुळे पडत. कोणी हवेस दोष देई, कोणी फळास. १७६७ साली जॉर्ज बेकर नावाच्या डॉक्टराने दाखवून दिले की रस काढण्याच्या चरकांस शिसे लावलेले असते, आणि ते आंबट रसात उतरते. ते शिसे काढून टाकले जाऊ लागले तसा तो रोगही ओसरला. फळ निर्दोष होते. दोष भांड्याचा होता.

इतके स्पष्ट असता कथिलात शिसे घालतात तरी का? व्यापाऱ्यास हे समजावून सांगणे नको. कथील शिशाच्या दहापटीहूनही महाग आहे. आपल्या देशात कथिलाचे खनिज मुख्यतः बस्तरच्या दंतेवाडा भागात सापडते, पण ते पुरेसे नाही. पुष्कळसे बाहेरून आणावे लागते. गंमत अशी की तांबे मात्र आपल्या बालाघाट जिल्ह्यातच आहे. मलाजखंड येथे १९८२ पासून हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीची मोठी खाण चालू आहे. म्हणजे भांड्याचा धातू घरचा आणि कल्हईचा धातू परका! त्यात आणखी एक मोह आहे. शुद्ध कथील २३२ अंशांवर वितळते. पण कथील ६३ भाग आणि शिसे ३७ भाग असा मेळ केला तर तो १८३ अंशांवरच पाण्यासारखा वाहू लागतो. डाग देण्यासाठी म्हणून बाजारात जे कथील मिळते ते याच जातीचे. स्वस्त तर खरेच, शिवाय कोळसा कमी लागतो आणि हात लवकर चालतो.

आता ती १९८८ सालची गोष्ट.

त्या वर्षी समाजाच्या सामुदायिक भोजनाची भांडी आमच्या स्वाधीन होती. तांब्यापितळेचे गंज, हंडे, पराती मिळून लहानमोठी सत्तावीस भांडी. बहुतेक भंडाऱ्याच्या बाजारातून वडीलधाऱ्यांनी आणलेली. पितळेच्या भांड्यांसाठी भंडाऱ्याचा लौकिक तेव्हाही होता आणि आजही आहे. गोंदियाकडून एक वृद्ध कल्हईवाले दरवर्षी येत. आम्ही त्यांस चाचा म्हणत असू. निंबाखाली खड्डा करून ते भाता बसवीत, भांडे चिंचेने आणि राखेने लख्ख घासून निखाऱ्यावर तापवीत, नवसागराची चिमूट टाकीत, पांढऱ्या धुराचा लोट उठे, कथिलाची कांडी टेकताच आत चांदणे पसरल्यासारखे होई, आणि कापसाच्या बोळ्याने ते सारखे करून भांडे पाण्यात बुडवीत. तो चुर्र आवाज ऐकण्यास आळीतील मुले जमत.

त्या वर्षी आम्ही चाचांशी दराची घासाघीस केली. समाजाचा पैसा वाचवावा ही बुद्धी, आणि थोडा व्यापारी बाणाही. चाचा शांतपणे म्हणाले, “शेठजी, कथील मला बाजारभावानेच पडते. दर उतरवायचा तर माल उतरवावा लागेल. तो मी उतरवणार नाही.” आम्हांस ते उत्तर उद्धटपणाचे वाटले. आठ दिवसांनी दुसरा एक तरुण कारागीर आला. त्याने पाऊण दरात काम पत्करले आणि निम्म्या वेळात उरकलेही. आम्ही मनात खूष झालो.

भोजन थाटात झाले. कढी सर्वांस विशेष आवडली. मुलांनी तर दोनदोन वाट्या मागून घेतली. दुसऱ्या दिवशी भांडी आवरताना आमच्या मातोश्रींनी आम्हांस हाक मारली. कढीच्या गंजात जेथवर कढी होती तेथवर नवी कल्हई काळपट आणि निस्तेज झाली होती. त्यावरचा भाग तेवढा उजळ होता. मातोश्रींनी कोरडे बोट आतून फिरविले आणि आमच्यापुढे धरले. बोट काळे झाले होते. त्या म्हणाल्या, “बाळ, तांदळाचा एकएक दाणा पारखतोस. कथील का नाही रे पारखलेस?”

अंगणात त्या कारागिराच्या कांडीचा एक तुकडा पडला होता. तो आम्ही दुकानात नेला आणि गोंदियास जाऊन चाचांकडून त्यांच्या कांडीचा एक तुकडा मागून आणला. दोन्ही तुकडे कापून लांबीरुंदीने सारखे केले आणि सोन्याच्या काट्यावर तोलले. कारागिराचा तुकडा उघडच भारी भरला. चाचांनी आपली कांडी आमच्या कानाशी धरून वाकविली, तेव्हा तिच्यातून करकर असा बारीक आवाज आला. दुसरी कांडी मुकाट्याने वाकली. चाचा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

आम्ही सारी भांडी स्वखर्चाने खरवडून घेतली आणि चाचांच्या हातून, त्यांच्याच दराने, नवी कल्हई करविली. वाचविलेल्या पैशाच्या कितीतरी पट पैसा गेला. पण त्याचे दुःख नाही. दुःख याचे की ही गोष्ट आम्ही समाजास सांगितली नाही. त्या दिवशी कोणी आजारी पडले नाही, आणि कोणी आजारी पडले नाही म्हणून आम्ही गप्प राहिलो. पुढे शिशाविषयी वाचनात आले तेव्हा कळले की ते एका दिवसात आरडाओरडा करीतच नाही. दोन वाट्या कढी मागणारी ती मुले आज स्वतः घरसंसाराची झाली आहेत. त्यांच्यापैकी कित्येक हा लेख वाचतील. त्यांची आम्ही येथे मनःपूर्वक क्षमा मागतो. कारागिरावर आमचा रोष नाही. त्याने जो दर घेतला त्या दराचा माल दिला. दर ठरविणारे आम्ही होतो.

हा प्रश्न जुना झाला असे कोणी समजू नये. मध्यंतरी स्टीलची भांडी आली, तांबेपितळ माळ्यावर गेले आणि कल्हईवाले दिसेनासे झाले. आता आरोग्याच्या नावाने पितळी भांडी पुन्हा घरोघर येत आहेत. कल्हई करणारे जुने हात मात्र उरले नाहीत. २०२५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाहेरून येणाऱ्या काही पितळी, ॲल्युमिनियमच्या आणि हिंडालियम म्हणून विकल्या जाणाऱ्या भांड्यांतून अन्नात शिसे उतरू शकते असा इशारा दिला. त्यांत भारतात घडविलेली भांडीही होती. अशी बातमी वाचून मान खाली जाते.

यावर उपाय काय? येथे प्यूटरच्याच इतिहासातून एक बोध घेण्याजोगा आहे. लंडनमधील प्यूटर घडविणाऱ्या कारागिरांच्या संघाने १३४८ साली आपल्या मालाचे नियम ठरविले: उत्तम मालात कथिलाबरोबर केवळ तांबे, हलक्या मालात ठरावीक प्रमाणात शिसे. १४७४ साली त्यांस राजाची सनद मिळाली आणि माल तपासण्याचा अधिकारही. प्रत्येक कारागिराने आपल्या भांड्यावर स्वतःचा छाप उठवावयाचा, आणि त्या छापाची नोंद संघाकडे राहावयाची. त्या काळी शिशाचे विष पुरते उमगले नव्हते, म्हणून हलक्या मालात का होईना त्यांनी शिसे चालू दिले, ही उणीव खरीच. पण मालाची लाज ही एकट्याची नसून सर्व संघाची आहे, हे तत्त्व त्यांनी ओळखले होते. व्यापारी मंडळाचे काम याहून निराळे ते कोणते?

अलीकडचे उदाहरण बांगलादेशाचे आहे. तेथे हळदीस पिवळाधमक रंग यावा म्हणून शिशाचे रंगद्रव्य चोळीत असत. २०१९ साली बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले. सरकारने घाऊक बाजारात तपासणी केली, दंड केले, व्यापाऱ्यांस आणि लोकांस समजावून सांगितले. २०२१ साली हे प्रमाण शून्यावर आले. दोन वर्षांत! घाऊक व्यापाऱ्याने मनावर घेतले तर विष बाजारातून जाते, याचा याहून मोठा पुरावा कोणता? आपल्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाखाली दुसरा दाणा मिसळू नये म्हणून आपण जागरूक असतो. तीच जागरूकता भांड्याच्या बाबतीत हवी.

घरच्यासाठी काही साध्या खुणा येथे नमूद करितो. शुद्ध कथिलाची कांडी वाकविताना करकरते. शिसे अधिक असलेली करकरत नाही. शिसे कथिलाहून बरेच जड असते. सारख्या आकाराचा शुद्ध कथिलाचा तुकडा १०० ग्रॅम भरला, तर निम्मे शिसे असलेला सुमारे १२० ग्रॅम भरतो. शिसे अधिक असले तर कागदावर घासताच पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. पण थोडे शिसे या खुणांनी कळत नाही, हे ध्यानी असावे. आणि थोडेही नकोच आहे. त्यासाठी प्रयोगशाळेचाच दाखला हवा. सराफांकडे सोने तपासण्याचे जे क्ष-किरण यंत्र असते, त्याच तत्त्वावर चालणारी यंत्रे धातूतील शिसेही ओळखतात.

कल्हईच्या भांड्यात कडक फोडणी करू नये, ते रिकामे तापवू नये, तारेच्या घासणीने खरवडू नये. आतून तांब्याचा लाल किंवा पितळेचा पिवळा रंग डोकावू लागला की पुन्हा कल्हई करावी. आंबट पदार्थ शिजताच दुसऱ्या भांड्यात काढावा. ज्या भांड्याच्या कल्हईविषयी शंका असेल त्यात लहान मुलांचे आणि गरोदर लेकीसुनांचे अन्न तर कदापि करू नये.

मंडळास आमची नम्र सूचना अशी की, सामुदायिक भांड्यांसाठी लागणारे कथील मंडळाने स्वतः, पक्क्या बिलावर आणि शुद्धतेच्या दाखल्यासह खरेदी करावे आणि ते आपल्या कपाटात ठेवावे. कल्हईवाल्यास कांडी आपण द्यावी आणि त्याच्या मेहनतीचा दर न घासता द्यावा. यासाठी लागणारे पहिल्या वर्षाचे कथील आमच्या दुकानातर्फे देण्याची आमची इच्छा आहे. ती देणगी समजू नये. १९८८ सालच्या खात्यावरील ती बाकी आहे, आणि खाते चुकते केल्याशिवाय व्यापाऱ्याने वही मिटू नये, असे आमचे वडील सांगत असत.

सूनबाईंनी ते दोन्ही पेले तपासून घेतले. छाप योग्य होता, माल शिसेविरहित निघाला. मुलांस सरबत मिळाले. पेले धुऊन पुसून फळीवर ठेवताना सूनबाईंनी आत कोरडे बोट फिरवून पाहिले. बोट स्वच्छ होते.